तीन कपांचा शोध

ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही, आणि वाटूही नये. विश्वास ठेवणारा माणूस नीट ऐकत नाही. नुसती मान डोलावतो आणि मधूनच मोबाइल बघतो. पण नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकातल्या गर्दीतून जीव वाचवून डावीकडच्या बोळात शिरलं, की जे जुनं संदर्भ वाचनालय लागतं, तिथे गेल्या वर्षी जे घडलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे. शंका असेल तर या सविताला विचारा. तिची चहाची टपरी वाचनालयाच्या जिन्याखालीच आहे. सगळं तिच्या डोळ्यांसमोर झालंय.

"माझं नाव कशाला मध्ये?" सविता म्हणाली. "मी काही बघितलं नाही. मला चहा गाळायचाय."

बघा, साक्षीदार किती सावध आहे!

तर गोष्ट ढुंढिराजांची. आता हे ढुंढिराज कोण, ते विचारू नका. होते एक सद्गृहस्थ. वय अठ्ठ्याहत्तर, रूप देखणं, बुद्धी तल्लख. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या घरातले. त्यांच्या आजोबांकडे यात्रेकरू यायचा, गाव आणि आडनाव सांगायचा, आणि आजोबा फडताळातून लांबोडकी वही काढून त्याच्या पणजोबाची सही त्याच्यासमोर ठेवायचे. यात्रेकरूच्या डोळ्यांत पाणी यायचं, आजोबा त्याला तांब्याभर पाणी द्यायचे. ढुंढिराजांनी स्वतः काही हा व्यवसाय केला नाही. चौतीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशांच्या गुंडाळ्या सांभाळल्या. पण घराण्याचा एक नेम त्यांच्या हाडात मुरला होता. पूर्वज शोधत आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही.

निवृत्तीनंतर हा नेम पाळायला त्यांना वाचनालय सापडलं. नाशिक जिल्ह्यातली शंभर वर्षांची साप्ताहिकं, प्रदर्शनांची माहितीपत्रकं, शाळांचे अहवाल, असं सगळं वाचनालयाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलं होतं. त्यात शोध घ्यायचं जे साधन होतं त्याचं नाव 'धांडोळा'. तो घरी बसूनही उघडायचा, पण नेहमीची मंडळी वाचनालयातच यायची. घरी चहा मागितला की, "हा कितवा?" असं कोणीतरी विचारतंच.

धांडोळा चौदा वर्षं चालला. चालला म्हणजे बैलगाडीसारखा चालला. आधी तालुका निवडायचा, मग साल, मग साप्ताहिक, मग 'शोधा' दाबायचं. पडद्यावर एक चक्र फिरायला लागायचं. ते बघत बसलेल्या खिडकीतल्या पारव्याला एकदा घेरी आली होती. माणसं बघत बसायची नाहीत. 'शोधा' दाबलं, की खुर्ची मागे सरकवायची आणि बत्तीस पायऱ्या उतरून सविताकडे यायचं. एका सालाचा शोध एका कपाचा. पाच सालांचा दोन कपांचा. पूर्ण दशक हवं असेल तर तीन कप. वाचनालयात "काय शोधताय?" असं कोणी विचारत नसे, "किती कपांचं आहे?" असं विचारत. वर जावं तर उत्तर तयार असायचं, गरम पोळीसारखं.

चांदवडचा नाथा कांद्याचे जुने भाव जमवतो. पेशाने शेतकरी, नादाने इतिहासकार. त्याने एकदा पन्नास वर्षांचे भाव एकदम मागितले. 'शोधा' दाबून तो गावी गेला, रोप टाकलं, लागण केली, कांदा काढला, चाळीत भरला आणि परत आला, तर शेवटचं पान उघडत होतं.

"ओ नाना," नाथा बाकावरून ओरडला, "दोन दिवस लागले व्हते. दोन दिवसात कांदा येतो का?"

चांदवडच्या जमिनीचं काही सांगता येत नाही, एवढंच उत्तर त्याला मिळालं.

तर असा हा धांडोळा गेल्या नोव्हेंबरच्या एक तारखेला बंद झाला. त्याच्या जागी आला 'संदर्भसेतू'. नवाकोरा, पांढराशुभ्र, मधोमध एकच चौकट. तालुका नाही, साल नाही, चक्र नाही. चौकटीत हवं ते लिहा आणि 'शोधा' दाबा.

हा बदल लोकांच्या गळी उतरवायचं काम संदर्भ विभागाच्या यशश्रीकडे होतं. पोरगी मोठी जिद्दीची. दोन महिने आधीपासून भिंतीवर सूचना लावल्या. अकरा पानांची सचित्र पुस्तिका काढली, अक्षर मुद्दाम मोठं ठेवलं. तीन शनिवार वर्ग घेतले आणि प्रत्येक वर्गाला स्वतःच्या घरचा चिवडा आणला. वर्गात सगळ्यांना सगळं सापडलं. ढुंढिराजांना त्यांच्या मुंजीची बातमी सापडली. नाथाला एकोणीसशे बाहत्तरचा लासलगावचा भाव सापडला, तेव्हा त्याने बशीतला चिवडा तसाच ठेवून टाळ्या वाजवल्या. यशश्री खूश झाली. शेवटी म्हणाली, "काका, आता तुमचं तुम्ही करू शकता."

आणि मंडळींनी आपलं आपण करायला घेतलं.

पहिल्या दिवशी नाथाने 'कांदा' लिहिलं, 'शोधा' दाबलं आणि खाली येऊन दोन कप चहा घेतला. वर गेला तर पडद्यावर लिहिलेलं, 'आपले सत्र संपले आहे.' म्हणजे नाही सापडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा खाली आला, पुन्हा वर गेला. पुन्हा तेच. ढुंढिराजांनी 'गंगापूर धरण' शोधलं. धरणाएवढं धरण, तेही संपलेलं! एका आठवड्यात सगळ्यांचं एकमत झालं की नव्या साधनात नाशिक जिल्हाच भरलेला नाही. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी म्हणालं की पुण्याचा आहे, पण आपल्याला दाखवत नाहीत.

तुमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं असेल तर गप्प बसा. वाचनालयातल्या तेवीस शहाण्या माणसांच्या लक्षात आलं नव्हतं.

यशश्रीची खोली दुसऱ्या मजल्यावर. तिला तिथे रोजचा अहवाल दिसायचा आणि ती बुचकळ्यात पडायची. एक दिवस ती खाली येऊन ढुंढिराजांच्या शेजारी बसली.

"नाना, एक विचारू? काल तुम्ही नऊ वेळा शोध घेतलात. नऊच्या नऊ वेळा उत्तर आलंय. तुम्ही एकही उघडलं नाहीत."

"उत्तर आलं असतं तर उघडलं नसतं का, यशश्री? डोळ्यांचं ऑपरेशन झालंय माझं, डोक्याचं नाही."

"तसं नाही हो. पण सगळ्यांचं तेच होतंय. सापडतंय आणि कोणी बघत नाहीये."

"म्हणजे आम्ही आंधळे."

"मी असं म्हणाले का?"

"पुस्तिकेत म्हणालीस. अक्षर केवढं मोठं छापलंयस!"

ती हसली, पण तिचे डोळे थकलेले होते. ढुंढिराजांनी ते पाहिलं आणि तरी त्याच संध्याकाळी विश्वस्तांना अर्ज लिहिला. अर्ज मात्र फर्मास होता. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मुरलेली भाषा. 'सबब, पूर्वीचे साधन तात्काळ पुनःस्थापित करण्यात यावे.' खाली तेवीस सह्या, पहिली ढुंढिराजांची, लफ्फेदार. विश्वस्तांनी लगेच शुक्रवारी सभा बोलावली आणि खुलासा द्यायला यशश्रीला बोलावून घेतलं.

आणि नेमक्या त्याच शुक्रवारी कुसाबाई आल्या.

सुरगाण्याच्या डोंगरातलं आंबेखोरी हे त्यांचं गाव. पहाटेच्या जीपमध्ये बसून, पेठ नाक्यावर उतरून, विचारत विचारत द्वारकेपर्यंत आलेल्या. साठी ओलांडलेल्या, अंगाने काटक, काखेत कापडी पिशवी. पिशवीत नागलीची, म्हणजे नाचणीची, दोन कणसं आणि एक अर्ज.

"बाबा, तुम्ही जुनं शोधून देता ना?" त्यांनी ढुंढिराजांना विचारलं. "आमच्या गावची हर्षाली हितं कॉलेजला व्हती. ती बोलली, खिडकीजवळ बसतो त्यो म्हातारा बाबा देतो काढून."

म्हातारा हा शब्द ढुंढिराजांनी ऐकला नाही. त्यांनी पुढे होऊन खुर्ची दिली. "बसा. कोणाचं शोधायचंय?"

"माझ्या बाचं. बहिरू त्याचं नाव." त्यांनी पिशवीतलं कणीस काढून टेबलावर ठेवलं. मूठ आवळावी तसं गच्च, तांबडं-काळं कणीस. "ही घुंगरी नागली. दुष्काळात समद्यांनी खाऊन टाकली, बानं मडक्यात राखली. त्याच्यापासनं गावभर झाली. आता आमच्या बायांच्या गटानं हिची सरकारात नोंद करायची ठरवलंय. आमच्या गावाच्या नावानं. तर सायेब बोलतो, जुना छापील पुरावा आणा. नाय तर लिवणार, मूळ अज्ञात."

"पुरावा आहे कुठे?"

"आई सांगायची, नाशिकला परदर्शन भरलं व्हतं. बा डोक्यावर नागली घेऊन आला व्हता. तिथं त्याचा फोटू काढला न् पेपरात छापला. मी पाळण्यात व्हते."

"तुम्ही पाहिलाय तो?"

"नाय. घरात त्याचा एकबी फोटू नाय." कुसाबाई कणसाकडे बघत म्हणाल्या. "मी सात वर्सांची व्हते तवा गेला. आता तोंड आठवाया गेलं तर भावाचंच तोंड येतं."

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस सोमवार. पेठ नाक्यावरून शेवटची जीप चारला. सगळं स्पष्ट होतं. चारच्या आत ते पान मिळालं तर बहिरूची नागली बहिरूच्या गावाची. नाही मिळालं तर अज्ञात.

ढुंढिराजांना एकोणीस दिवसांत काडीसुद्धा सापडलेली नव्हती. पण तोंड उघडलं आणि आतून आजोबाच बोलले, "चारच्या आत तुमच्या हातात पान देतो."

बोलून बसले.

त्यांनी चौकटीत लिहिलं, 'श्री. बहिरू, मु. आंबेखोरी, यांचे नागलीसह छायाचित्र कृपया दाखवावे, ही विनंती.' कुसाबाईंना ते वाचून दाखवलं. त्यांनी पसंतीची मान हलवली. ढुंढिराजांनी 'शोधा' दाबलं. बोट उचलायच्या आत खुर्ची मागे सरकली होती, सवयच ती. "चला कुसाबाई. पाळण्यातलं साल म्हणजे दशकभर धुंडाळावं लागणार. तीन कपांचं काम आहे."

दोघं खाली आले. सविताने पाहुण्या बाईंना आलं जास्त घालून चहा दिला. तीन कप झाले, सुरगाण्याच्या गप्पा झाल्या. दोघं वर गेले. 'आपले सत्र संपले आहे.'

"संपलं म्हंजी?" कुसाबाईंनी विचारलं.

"म्हणजे अजून शोधायचंय," ढुंढिराज म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विनंतीच्या शेवटी 'कळावे, लोभ असावा' असंही जोडलं. पुन्हा खाली. कुसाबाईंनी या वेळी दोनच कप घेतले, तेही भिडेखातर. नाथा भेटला. त्याने त्यांना धीर द्यायचा म्हणून सांगितलं, "मावशी, लय वाईट वाटून घेऊ नका. हिथं कोणालाच काय सापडत नाय." वर आले. संपलेलं सत्र त्यांची वाट बघत होतं.

ढुंढिराजांनी यशश्रीला फोन लावला. बंद. असणारच, ती विश्वस्तांसमोर उभी होती. आणि कोणाच्या अर्जामुळे, हे त्यांना पाठ होतं, सबबपासून सहीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लफ्फेदार सही आवडली नाही.

अडीच वाजले. कुसाबाई टेबलावरचं कणीस पिशवीत ठेवायच्या, पुन्हा काढायच्या. ढुंढिराजांनी मनात एक वाक्य जुळवलं. ते पान बहुधा स्कॅनच झालं नसेल, कुसाबाई, तुम्ही निघा, जीप चुकेल. सोपं वाक्य होतं. हजार थापा लीलया मारणाऱ्या त्या तोंडातून हे एवढंसं वाक्य काही बाहेर पडेना.

आता नीट ऐका. इथून पुढचं फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

पावणेतीनला ढुंढिराज उठून उभे राहिले. डोळे मिटले. त्यांच्या मेंदूत, जसा जुन्या नकाशावर नदीचा उगम दिसावा तसा, सगळा प्रश्न उलगडला. ते गंभीर आवाजात म्हणाले, "कुसाबाई, या खेपेला तुम्ही एकट्या चहाला जा. मी इथे बसतो." कुसाबाई खाली गेल्या. ढुंढिराजांनी 'शोधा' दाबलं आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. अंग आपोआप उठायला बघत होतं, पाय जिन्याकडे ओढत होते, पण त्यांनी स्वतःला दाबून धरलं.

एक. दोन.

आणि पान समोर आलं.

तीन कप नाहीत, एक कप नाही. आधण ठेवायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. साल एकोणीसशे त्रेसष्ट. शेतकी प्रदर्शनाचं वृत्त, आणि मधोमध एक माणूस, डोक्याला मुंडासं, छातीशी नागलीची पेंढी धरलेला, कॅमेऱ्याकडे असा बघतोय की जणू कॅमेराच नागली मागायला आलाय. खाली छापलेलं, 'आंबेखोरीचे बहिरू व त्यांची घुंगरी नागली.'

ढुंढिराज ते पान अभ्यासकाच्या बारकाईने निरखत राहिले. किती वेळ, ते कळलं नाही. एकदम पडद्यावर एक पाटी आली, 'आपण अजून इथे आहात का?' ढुंढिराज मोठ्याने म्हणाले, "आहे ना! इथंच बसलोय!" आणि 'हो' दाबलं. तेव्हा कुठे त्यांना कळलं की हे साधन पाच मिनिटं माणसाची वाट बघतं, नंतर विचारतं, आणि उत्तर आलं नाही की बिचारं आवरून निघून जातं. एकोणीस दिवस ते रोज उत्तर घेऊन येत होतं. तेवीस माणसं रोज खाली चहा पीत होती.

मग काय! ढुंढिराजांनी पान छापलं, दोन प्रती काढल्या आणि बत्तीस पायऱ्या तीन उड्यांत उतरले. गुडघ्याने हूं की चूं केलं नाही. कुसाबाईंच्या हातात पान ठेवलं, रिक्षा थांबवली आणि त्यांना पावणेचारला पेठ नाक्यावर जीपमध्ये बसवून दिलं.

सोमवारी अर्ज दाखल झाला. मार्चमध्ये पत्र आलं. घुंगरी नागली, मूळ स्थान आंबेखोरी. बहिरूचा फोटो मोठा करून आता गटाच्या बियाण्याच्या खोलीत लावलाय, आणि गावातली म्हातारी माणसं सांगतात की कुसाबाईंचं नाक थेट त्याच्यावर गेलंय. त्यांनी नागलीच्या पिठाची पिशवी पाठवली होती. या बाकावर बसून सगळ्यांनी भाकरी खाल्ली आहे. नाथाने चार खाल्ल्या.

"तीन," नाथा म्हणाला.

त्या शुक्रवारी संध्याकाळी यशश्री सभेहून आली ती चेहरा पाडून. विश्वस्त म्हणाले होते, लोकांना नकोच असेल तर धांडोळा परत सुरू करू. तिने ढुंढिराजांना हे सांगितलं आणि पुस्तिका कपाटात ठेवायला वळली.

"थांब," ढुंढिराज म्हणाले. "आधी इथे बस. मी 'शोधा' दाबतो. तू माझ्या पायांकडे बघ."

त्यांनी दाबलं. पाय उठले आणि दाराकडे निघाले. यशश्री आधी पायांकडे बघत राहिली, मग पडद्याकडे, मग जिन्याकडे. मग कपाळावर हात मारून एवढी हसली, एवढी हसली, की तिचा चष्मा टेबलाखाली गेला. "म्हणून वर्गात चालत होतं! चिवडा सोडून कोण उठणार होतं?"

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांकडे नवा अर्ज गेला. त्याच तेवीस सह्या. 'सबब, पूर्वीचे साधन पुनःस्थापित करण्यात येऊ नये.' यशश्रीने मागे लागून थांबायची मुदत पाच मिनिटांवरून पंचवीस करून घेतली. साधनाच्या भाषेत त्याला काही म्हणत असतील, वाचनालयात त्याला 'दोन कपांची मुदत' म्हणतात. अकरा पानांची पुस्तिका गेली. तिच्या जागी भिंतीवर एकच कागद लागला, यशश्रीच्याच हातचा. 'शोधा दाबा. उठू नका. दोनपर्यंत मोजा. मग चहा.'

आणि दर मंगळवारी ढुंढिराज नव्या माणसांना शिकवतात. शिकवतात म्हणजे शेजारी बसतात आणि 'शोधा' दाबल्याबरोबर माणसाच्या सदऱ्याची बाही धरून ठेवतात. एवढंच तंत्र आहे. परवा नाथाला एकाच दुपारी चाळीस वर्षांचे भाव मिळाले. इतक्या पटकन की त्याला ते कोणाला सांगावेत हे सुचेना, म्हणून तो खाली चहाला आला. सविताला आधी वाटलं होतं की आता धंदा बसणार. उलट झालं. पूर्वी लोक वाट बघायला यायचे, आता सापडलेलं सांगायला येतात, आणि सांगायला कप जास्त लागतात.

तर मंडळी, असं आहे. तेविसांतल्या एका माणसाने त्या दिवशी चहाचा मोह सोडला म्हणून डोंगरातल्या एका बाईला तिचा बाप दिसला. हा चहाचा त्याग सोपा नव्हता. वर आल्याच्या चहाचा वास येत होता, घसा कोरडा होता, तरी ढुंढिराज जागचे हलले नाहीत. सविता साक्ष आहे. त्या तिसऱ्या खेपेला तिने जिन्याकडे बघून बघून डोळे ताणले, पण—

सविताने गाळणं खाली आपटलं.

"खोटं! नाना, साफ खोटं! मघापासून ऐकतेय, ढुंढिराज ढुंढिराज, जसं काही गावाला गेलेल्या माणसाचं नाव घेताय. तिसऱ्या खेपेला कुसाबाई खाली आल्याच नाहीत. पाच कप झाले, पोटात जागा नाय बोलल्या, आणि वर बसून राहिल्या. त्यांना कुठे ठाऊक होतं की उठायचं असतं? त्या पडद्याने विचारलं, इथे आहात का, तर त्या बाईच म्हणाल्या, 'हाय ना, हितंच बसलेय,' आणि बटण दाबलं. वाचनालयभर ऐकू गेलं ते, मला इथे ऐकू आलं. मग वरच्या पायरीवर येऊन ओरडल्या, 'बाबा, या वर, माझा बा आलाय!' आणि तेव्हा तुम्ही कुठे होतात सांगू? याच बाकावर होतात, दुसरा कप हातात होता, आणि तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी विचारलं तर म्हणालात, चहात मिरी जास्त पडलीय. नाना, मी चहात मिरी कधीच घालत नाही!"